विहिरीचं औषध

पटकीची साथ आली की तालुक्याहून एक माणूस आमच्या गावात यायचा. खांद्याला पिशवी, पिशवीत काळपट जांभळे दाणे. बादलीत ते दाणे विरघळवायचा आणि विहिरीत ओतायचा. पाणी गुलाबी दिसेपर्यंत ओतत राहायचा, मग हात झटकून म्हणायचा, "झालं. मेले सगळे." आम्ही पोरं कठड्यावर ओणवून बघायचो, मेलेलं काही वर येतं का ते. काही यायचं नाही. पाण्याला मात्र पुढे कितीतरी दिवस लोखंडासारखी चव राहायची.

आम्ही त्याला लाल औषध म्हणायचो. आमच्या पट्ट्यातला जो कोणी मुंबईला आला तो त्या औषधावरची श्रद्धा गाठीला बांधून आला. तेच औषध माझ्या अंगात ओतलं गेलं. ओतायला लावणारी बाई माझ्यावर जीव टाकणारी होती. म्हणूनच इतकी वर्षं मला धड रागावता आलं नाही. आता रागावते.

ती माझ्या नवऱ्याची मावशी. लालबागला चाळीत तिची खाणावळ होती. गिरणीतले आमच्याकडचे लोक तिथे पाळीप्रमाणे जेवायला येत. नवरा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता आणि त्याच चाळीच्या गॅलरीत पथारी टाकून झोपायचा. त्या काळी आमच्यातल्या बायका गावीच राहायच्या, भात लावायच्या, मनीऑर्डरची वाट बघायच्या. मला आणलं ते मावशीचे हात थकले म्हणून. माझी शाळा चौथीनंतर सुटलेली. कोकणच्या बोटीतून उतरले तेव्हा मला वाटलं, इथे आपण नको झालो तर परत कुठल्या तोंडाने जायचं? ती धास्ती कधी गेलीच नाही. जेवताना दुसऱ्यांदा भात घ्यायला हात पुढे होत नसे. मावशीच वाढायची. "खा गो, हाडां दिसतत तुजी." पहिली चप्पल तिने घेऊन दिली. ताप आला तेव्हा माझ्या उशाशी ती बसली, आई नव्हे. हे सगळं खरं आहे आणि पुढचंही खरं आहे.

दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. पंगतीत दुसरा विषय नसे. कोणी सभेहून घसा बसवून यायचा, कोणी पाठीवर वळ घेऊन. एक जण रोज मावशीला म्हणायचा, "मावशी, मुंबई आपल्याला मिळाली की तुमका मंत्री करतलंव. खाण्याच्या खात्याचे."

"आधी मुंबई आण, मगे माशाची दुसरी तुकडी माग," मावशी म्हणायची, आणि दुसरी तुकडी टाकायचीच.

सोमवारी मासळी नसे, त्या दिवशी ताक. उन्हाळ्यात तर रोजच ताक लागे. दही लावायचं काम मावशीने माझ्याकडे दिलं होतं. कोमट दुधात कालच्या दह्याचा एक डाव, मडक्यावर फडकं, आणि मडकं चुलीपासून हातभर लांब. माझं दही कधी बिघडलं नाही. त्या घरात माझं म्हणावं असं एवढंच होतं.

तर एकदा मावशीने दोरीवरचं माझं कापड उचललं आणि उजेडात धरलं.

"गो, तुज्या अंगावरसून पांढरां जाता?"

खोटं बोलायचं सुचलं नाही. म्हटलं, महिन्यातले काही दिवस जातं. अंड्यातल्या पांढऱ्यासारखं, बुळबुळीत. खाज नाही, वास नाही. शहाणी झाल्यापासून असंच आहे.

"मगे माका सांगलंस कित्याक नाय? लग्नाक तीन वर्सां झाली. पोर खंयसून रवतला? आत घाण असा ती. धुवन काढूक व्हयी."

दुसऱ्या दिवशी रबरी नळीचं पांढरं एनॅमलचं भांडं आलं आणि कागदाच्या पुडीत जांभळे दाणे आले. मावशीने मोरीत उभं राहून मला दाखवलं, कसं टांगायचं, कसं बसायचं. पाणी तिने स्वतः कालवलं. मी म्हटलं, "मावशी, एवढं दाट? गावात तर नुसतं गुलाबी करायचे."

"विहिरीक गुलाबी चलता. तुका जांभळां व्हयां."

हे वाक्य मी कधी विसरले नाही. विहिरीपेक्षा मी जास्त घाणेरडी होते, हे त्या घरात इतकं सहज ठरलं! आणि मलाही ते पटलं. कोणी रागावून म्हणालं असतं तर मी वाद घातला असता कदाचित. ती मायेने म्हणाली.

रोज सकाळी धुणं सुरू झालं. मोरीचा दगड तपकिरी झाला, माझी बोटं तपकिरी झाली. मावशीच्या नखांच्या कडाही तशाच होत्या. ती मिशरी लावायची, मला वाटायचं त्याच त्या खुणा.

पहिल्यांदा कोरडं पडल्यासारखं वाटलं, आणि आम्हा दोघींनाही वाटलं, गुण येतोय. मग आग सुरू झाली. बसायला उठायला नको झालं. आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, वास. बाजारात कोळणीच्या पाटीखाली पाणी साचतं ना, तसा. मासळी शिजणाऱ्या घरात तो दुसऱ्या कोणाला कळला नसता. मला कळायचा. पंगतीत वाढताना मी वाकायचीसुद्धा लांबून. आधी जे सांडायचं ते स्वच्छ होतं, आता राखाडी पाण्यासारखं काहीतरी रोज यायला लागलं.

मावशी म्हणाली, "बघ, आतली घाण आता भायर पडता हा." आणि पुडी मोठी झाली.

मग तिने मला दादरच्या एका डॉक्टरकडे नेलं. कारकुनांच्या, मास्तरांच्या घरचे लोक त्याच्याकडे जायचे, पंखा होता, गुळगुळीत बाकं होती. त्याने मला टेबलावर घेतलं नाही, पडद्याआड नेलं नाही, वर मान करून बघितलंही नाही. मावशीशीच बोलला. "धुताय ना? उत्तम. स्वच्छता हवीच. या लोकांमध्ये तीच नसते." वर एक बाटली दिली, झोंबणाऱ्या पिवळ्या पाण्याची. ती संध्याकाळी. मावशी चौथीही शिकलेली नव्हती, तिचं मी समजू शकते. हा माणूस कशासाठी शिकला होता? त्याच्या भिंतीवर काचेत लावलेल्या सर्टिफिकेटाची मला आजही चीड येते.

बाटलीने व्हायचं तेच झालं, आग आणि वास दोन्ही वाढले. मावशी घाबरली. घाबरली की ती कडक व्हायची. एका सकाळी मी मडक्याला हात लावला तर म्हणाली, "तां ठेय. तुज्या हातान दही नासतला." तेवढ्यावर थांबली नाही. "बोटी बंद होवच्या आधी तुका गावाक धाडतलंय. थंय बरी हो, मगे ये."

मगे ये! तशी गावाला पाठवलेली बाई कधी परत आलेली मी बघितली नव्हती. बरं नसलेली सून सासूच्या हवाली करायची, पुढच्या वर्षी नवरा दुसरी करायचा आणि पहिली गोठ्याशेजारच्या खोलीत आयुष्य काढायची. पावसाळा तोंडावर होता, पाऊस लागला की बोटी बंद. बोटी चालू होत्या तेवढीच माझी मुदत.

मी नवऱ्याला गाठलं. तो सभेला निघाला होता, कपाळावर आधीच्या मोर्च्यातली पट्टी. म्हटलं, मावशीला सांगा, मला पाठवू नका.

"मावशी सांगता तसां कर," तो म्हणाला आणि जिना उतरला. खाली लोक जमले होते. त्याचा आवाज सगळ्यांत मोठा, "झालाच पाहिजे!" मला वर ऐकू येत होतं. मुंबईसाठी डोकं फोडून घेणारा माणूस. माझ्यासाठी त्याच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. मुंबई मिळाली तेव्हा मीही दिवे लावले, पेढा खाल्ला, मला आनंदही झाला. पण तो जिना मी विसरले नाही.

दिवसपाळीच्या काही जणांना मी गिरणीच्या दारावर डबे पोचवायची. सुट्टीत वाइंडिंग खात्यातल्या, सूत गुंडाळणाऱ्या बायका तिथे भिंतीच्या सावलीत बसून भाकरी खायच्या. त्यातली एक माझ्याशी बोलायची. डिलाईल रोडला राहायची, तिच्या घरच्यांनी नुकताच बुद्ध धर्म घेतला होता. मावशीला आमची ओळख माहीत नव्हती आणि मी सांगितलीही नव्हती.

"अगं ए, बसत का नाहीस?" ती एक दिवस म्हणाली. "रोज उभीच. गळू झालंय का?"

मी रडायला लागले. तिने मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, स्वतः आडोशाला उभी राहिली आणि सगळं ऐकून घेतलं.

"विहिरीतलं?" ती म्हणाली. "विहिरीत टाकतात ते?"

"हो."

"तुझ्या मावशीला आमच्या हातचं पाणी बाटवतं, आणि विहिरीतलं विष तुझ्या अंगात चालतं! वा रे सोवळं!"

एवढ्या दुखण्यात मला हसू आलं. तीही हसली, मग गंभीर झाली. परळच्या इस्पितळात बायकांची डॉक्टर असते, तिचं बाळंतपण तिथेच झालं होतं. गुरुवारी ती खाडा करेल, मी डबे पोचवून परस्पर यायचं. "आणि भिऊ नको, मी आत येते." एका दिवसाची मजुरी तिने माझ्यासाठी सोडली, मी तिची कोण होते?

इस्पितळातली डॉक्टर गिरगावची, तरुण, गाठ मारलेले केस, बोलायला फटकळ. तिने आधी मला तपासलं. तपासताना तिच्या तोंडून नुसता "च्" असा आवाज आला. मग समोर बसवलं.

"कशाने धुतेस?"

"लाल औषधाने. सकाळी. संध्याकाळी बाटलीतलं."

"लाल म्हणजे किती दाट? गुलाबी?"

"जांभळं."

तिने हातातलं पेन खाली ठेवलं. "सुरुवातीला काय होत होतं? ज्याच्यासाठी हे सुरू केलंस?"

"पांढरं जायचं."

"वास यायचा?"

"नाही."

"खाज? आग?"

"नाही."

"रोज जायचं?"

"महिन्यातले काही दिवस. बुळबुळीत."

"मग काय होत होतं तुला?"

मी विचार केला. खरंच विचार केला. "काही नाही," मी म्हणाले.

"काही नाही. सगळ्या बायकांना होतं ते. मलाही होतं." ती माझ्यावर ओरडत नव्हती, पण ओरडतेय असं वाटत होतं. "कोण सांगतं गं तुम्हाला हे असलं?"

दादरच्या डॉक्टरचं सांगितलं. ती खुर्चीवरून उठली. मग म्हणाली, "ये इकडे."

कोपऱ्यात दुर्बीण होती, वरून वाकून बघायची. तिने एक काच लावली. ही एका बाईची, म्हणाली, बाळंतपणासाठी नाव घालायला आली होती, ठणठणीत आहे. मी डोळा लावला. आधी नुसता उजेड, मग हळूहळू बारीक काड्या दिसायला लागल्या. भात झोडपल्यावर खळ्यात गवताचे बारीक तुकडे पडतात, तशा. मग तिने माझी काच लावली. काड्या नव्हत्याच. सांडलेल्या रांगोळीसारखे ठिपकेच ठिपके.

"काड्या कुठे गेल्या?" मी विचारलं.

"मारल्यास तू. तुम्ही सगळ्यांनी मिळून."

"जंतू होते ते?"

"जंतूच. चांगले. प्रत्येक बाईच्या आत राखण करतात. दूध कशाने विरजतं?"

"विरजणाने."

"त्या विरजणात जे असतात ते यांच्या भावकीतले. तिथे दही आंबट करतात, इथे आतली जागा आंबट ठेवतात. त्या आंबटपणात वाईट जंतू टिकत नाहीत. तू राखणदार मारलेस, मग हे ठिपकेवाले घुसले. वास त्यांचा आहे, तुझा नाही."

वास तुझा नाही. हे ऐकायला मी एवढी लांब, समुद्र ओलांडून आले होते की काय, असं वाटलं.

"मग दही लावू का?" मी विचारलं. मला दह्याचंच तेवढं कळत होतं.

"नाही!" ती म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली. "भावकीतले म्हटलं मी, तेच नव्हेत. दही जेवणात खा. आत काही लावायचं नाही, काही ओतायचं नाही. बाहेरून साधं पाणी. थोडे उरले असतील ते आपोआप वाढतील, धीर धर. बाहेरच्या भाजलेल्या कातडीला हे मलम. पंधरवड्याने दाखवायला ये."

"दुसरं औषध?"

"धुणं बंद, हेच औषध."

परतीच्या वाटेवर माझ्या मैत्रिणीने विचारलं, आता मावशीला काय सांगणार? सांगितलं असतं तर पहिला प्रश्न, कोणाबरोबर गेलीस? आणि दुसरा, माझं औषध वाईट म्हणतेस? मग बोट ठरलेलीच.

म्हणून मी ओतत राहिले, मोरीत. रोज सकाळी मावशी कालवून द्यायची, मी दार लावून घ्यायची, भांडं टांगायची आणि नळीचं तोंड दगडावर सोडायची. मावशी बाहेरून विचारायची, "झाला?" जांभळं पाणी नाल्याला लागलेलं बघितलं की तिचं समाधान व्हायचं. संध्याकाळची बाटली तशीच. त्या दगडाने माझ्या वाट्याचं सगळं सोसलं.

आग आधी गेली. मग एक दिवस ओट्याशी उभी असताना लक्षात आलं, वास नाही. मासळीचा आहे, माझा नाही. पुढे पुन्हा ते अंड्यातल्या पांढऱ्यासारखं आलं, नेहमीच्या दिवशी, आणि मी मोरीत बसून त्याच्याकडे एखाद्या माहेरच्या माणसाकडे बघावं तशी बघत बसले. इस्पितळात डॉक्टरने काच लावून दाखवली. काड्या होत्या. दाट नव्हत्या, पण होत्या.

मावशीने माझा चेहरा बघितला, कापड बघितलं, पांढरं थोडं आहे पण वास नाही म्हणून तेवढ्यावर खूश झाली. "आयकलंस म्हणान बरी झालंस." मडकं परत माझ्याकडे आलं. बोटीची गोष्ट निघाली नाही. माझं काम झालं होतं. मला गप्प राहायचं होतं, देवाशप्पथ.

पण आमच्याच गावची एक नवी सून वरच्या मजल्यावर आली होती. अजून खेळायच्या वयाची वाटावी अशी. एका दुपारी, पंगत बसलेली असताना, मावशीने तिला दारात बोलावलं आणि तिच्या हातात पुडी ठेवली. "हिका विचार," माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "कशी सडली होती. आता बघ."

माझ्या हातात ताकाचं भांडं होतं. पोरगी माझ्याकडे बघत होती. तिला काहीही झालेलं नव्हतं, हे मला तिच्याकडे बघूनच कळत होतं, कारण मलाही काही झालेलं नव्हतं.

"मावशी, मी नाही वापरलं ते," मी म्हणाले. "मोरीत ओतत होते. इस्पितळात गेले होते. त्या औषधानेच मी सडले होते, आणि ते सोडलं म्हणून बरी झाले."

पंगतीतले घास थांबले. मंत्री करणारा तो गडीसुद्धा ताटात बघत राहिला. नवरा त्याच पंगतीत होता.

"मगे काय केलंस?" मावशीने विचारलं. आवाज अगदी बारीक.

"कायच नाय," मी तिच्या बोलीत म्हणाले.

"कायच नाय करून बरी झालंस?"

"आत चांगले जंतू असतात मावशी, विरजणासारखे. आपण ते मारतो."

मला वाटलं, आता डाव फेकून मारेल. ती मोरीकडे बघत होती, त्या तपकिरी दगडाकडे. मग स्वतःच्या हातांकडे. तेव्हा मला कळलं, मी आले त्या दिवसापासून तपकिरी असलेल्या त्या नखांच्या कडा मिशरीने रंगलेल्या नव्हत्या. विधवा होऊन तिला कित्येक वर्षं झाली होती, पोर कधी झालं नव्हतं, आणि ती अजून स्वतःला धूत होती. कोणासाठी?

"माका कोणी सांगूक नाय," ती म्हणाली.

एवढंच. मग तिने पोरीच्या हातातली पुडी काढून घेतली. "जा गो. तुका कायएक झाला नाय." आणि माझ्याकडे न बघता, "ताक वाढ. लोक बसलेत."

मला गावाला धाडलं नाही. बोटी बंद झाल्या, पाऊस लागला, मी दही लावत राहिले. त्या पोरीला दिवस गेले, मलाही पुढे गेले. कोणाबरोबर इस्पितळात गेले होते हे मावशीने कधी विचारलं नाही. मीच एकदा सांगितलं. तेव्हा ती उठून आत गेली. पुढच्या सोमवारी मी डबे घेऊन निघताना एक वेगळा डबा माझ्या पिशवीत ठेवला, ताकाचा. "तुज्या त्या मैत्रिणीक." मैत्रिणीने तो मागून-पुढून बघितला आणि म्हणाली, "डबा परत घेईल ना गं तुझी मावशी, का गोमूत्राने धुवेल?" मग प्याली.

आता औषधाच्या दुकानात खास बायकांसाठी म्हणून गुलाबाच्या वासाचं धुवायचं पाणी मिळतं. शेजारच्याच फळीवर चांगल्या जंतूंच्या कॅप्सूल. आधी मारायचं विकतात, मग जगवायचं विकतात, आणि काउंटरवरचा पोरगा दोन्ही एकाच पिशवीत घालून देतो. मी तिथे उभी राहून भांडले आहे. नातेवाईक मला लांब ओढून नेतात. नेऊ देत.

पण माझा खरा राग अजून त्या मोरीतच आहे. मावशीने त्या दिवसानंतर कोणाही पोरीला पुडी दिली नाही. स्वतः मात्र सोडली नाही. मी कितीदा म्हटलं, मावशी, बंद करा, आग होत असेल तुम्हाला. "माजा काय गो आता," ती म्हणायची आणि दार लावून घ्यायची. मी बाहेर उभी राहून नाल्याला लागलेलं जांभळं पाणी बघायची. ती गेली तेव्हा तिला शेवटची आंघोळ मी घातली. साध्या पाण्याने. कोणीतरी म्हणालं, पाण्यात थोडं औषध टाका. मी त्या बाईला खोलीबाहेर काढलं.